रंध्याला गंज चढतो, त्याचं मूळ फरशीखाली

प्रश्न : सहकारनगरात आमचं जुनं बैठं घर आहे. परसात दहा बाय बारा फुटांची पत्र्याची शेड उभारून मी निवृत्तीनंतर सुतारकाम करतो. खालची काळी माती सारखी करून, वर थोडी वाळू पसरून शहाबादी फरशी बसवली होती. जुलै-ऑगस्टमध्ये फरशी ओली दिसते, रंध्याचं पातं आणि पटाश्या गंजतात. यंदा उभ्या ठेवलेल्या प्लायवूडची खालची कड फुगली. गवंडी म्हणतो, वरून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू. तेवढं पुरेल का? — एक वाचक, पुणे ९

उत्तर : पुरणार नाही. केमिकलचे पैसे मुरमाला, म्हणजे फरशीखालच्या भरड, खडेदार भरावाला ठेवा.

तरी फरशी उखडण्याआधी एक परीक्षा घ्या. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब जमले तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या अंगाला जमले तर पावसाळी दमट हवा गार फरशीवर येऊन घाम धरते आहे. तुमच्याकडे दोन्ही असेल, पण काळ्या मातीवर थेट बसवलेली फरशी म्हटल्यावर माझा पहिला संशय खालच्या ओलीवरच आहे.

समईतली वात तेल वर ओढते, तसं बारीक कणांची माती पाणी वर ओढते. काळी माती त्यात सर्वांत वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात आक्रसून भेगाळते आणि वरच्या फरशीचे सांधे दरवर्षी थोडे थोडे उघडते. वरून लावलेला थर खालून येणाऱ्या ओलीपुढे टिकत नाही, पोपडे धरतो. म्हणून वात तोडायची ती फरशीच्या खालीच.

आधी पहार मारून मुरूम किती खोलवर आहे ते बघा. पुण्यात टेकडीच्या अंगाला तो लवकर लागतो, ओढ्याच्या अंगाला काळी माती खोल जाते. शेडपेक्षा चारी बाजूंनी सहा इंच जास्त धरून दीड फूट काळी माती काढून टाका. ती परत भरू देऊ नका, बागेत टाका. खाली वाळवीचं औषध मारून मग मुरूम भरा. तो सहा-सहा इंचांच्या दोन थरांत घाला आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपून घ्या. या मापाला दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट मागवा, थोडा उरेल. मूठभर मुरूम ओला करून दाबा. कणकेसारखा गोळा झाला तर त्यात माती जास्त आहे, ती गाडी परत पाठवा.

मुरमावर नऊ इंच दगडाचं सोलिंग करा, म्हणजे मोठे दगड शेजारी शेजारी रचून थर द्या. मोठ्या दगडांमधल्या पोकळीतून पाणी वर चढू शकत नाही, वात इथे तुटते. फक्त हा खड्डा हौद होऊ देऊ नका. मुरमाला एका बाजूला थोडा उतार द्या आणि सखल कोपऱ्यातून दोन इंची पाइप बाहेर काढा. हे बहुतेक गवंडी विसरतात, तुम्ही उभं राहून करून घ्या. कडेची बांधणी विटेची नको, काळ्या दगडाची करा, कारण वीटही पाणी ओढते.

सोलिंगवर दोन इंच क्रशरची बारीक डस्ट सारखी पसरा आणि त्यावर २५० मायक्रॉनचा, म्हणजे हजार गेजचा, प्लास्टिक कागद अंथरा. धायरीतल्या माझ्या पहिल्या शेडला मी डस्टचा थर वाचवला होता. घमेली घेऊन माणसं कागदावरून चालली, खडीच्या टोकांनी तो तीन ठिकाणी फाटला आणि पुढच्या पावसाळ्यात बरोबर त्याच तीन ठिकाणी ओलीचे डाग उमटले. अख्खा कोबा फोडावा लागला. आजही कागद अंथरला की मी त्यावर फळ्या टाकूनच माणसांना चालू देतो. जोड द्यावा लागला तर एकावर एक फूटभर चढवून चिकटपट्टी लावा, आणि कडा काँक्रीटच्या वरच्या पातळीपर्यंत उभ्या घ्या.

वर चार इंच काँक्रीट १:२:४ प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी), मधोमध वेल्डेड जाळी. सिमेंट साधारण आठ पोती. पाणी बेताचं. पातळ मालाने काम भराभर उरकतं, पण वाळल्यावर त्यात बारीक छिद्रं राहतात. दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे करून किमान दहा दिवस पाणी तुंबवून ठेवा, मग तीन-चार आठवडे वाळू द्या. तोवर आत लाकूड नेऊ नका.

हा हिशेब जमवला तर जोतं जमिनीपासून नऊ इंच वर येतं. ते शेडच्या बाहेरच्या मापाइतकंच ठेवा, कणभर कमी चालेल, पण जास्त नको. जोत्याची कड पत्र्याच्या बाहेर राहिली की भिंतीवरून ओघळणारं पाणी तिच्यावर थबकतं आणि पत्र्याखालून आत शिरतं. खालच्या चौकटीखाली डांबरी फेल्टची पट्टी घाला. छपराला पन्हळ हवीच. तुमच्या एवढ्याशा छपरावर एक इंच पावसात जवळजवळ २८० लिटर पाणी पडतं, आणि त्याच्या पागोळ्या थेट जोत्याच्या मुळाशी सोडायच्या नाहीत.

आंबील ओढ्याजवळ राहत असाल तर एक गोष्ट वेगळी धरा. २०१९ च्या सप्टेंबरात तिथे जसं पाणी आलं, ते कुठल्याच जोत्याने अडणार नाही. मौल्यवान हत्यारं उंच फळीवरच ठेवा.

हवेतली ओलही पाया थांबवत नाही. उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा, काम संपलं की पात्याला मशीनचं तेल पुसा, प्लायवूड जमिनीपासून चार इंच उंच ठोकळ्यांवर ठेवा.

काम एप्रिलमध्ये सुरू करा, म्हणजे काँक्रीट पावसाआधी वाळेल. खणल्यावर मुरूम किती फुटांवर लागला ते मला जरूर कळवा. खडक वरच लागला तर मुरमाचा खर्च बराच वाचेल आणि मापं पुन्हा बसवून देईन.