माझी भाषा गावाकडची, प्रबंध कसा लिहू?

‘घरात अहिराणी, शाळा गावातली. विद्यापीठाला चालेल असं लिहिणं आम्हाला जमेल का?’ जळगाव-धुळ्याकडच्या एम.ए.च्या मुलामुलींकडून प्रकल्प सादर करायच्या दिवसांत हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत.

ती चोपडा तालुक्यातली, अर्थशास्त्राची. वडिलांची केळी. विषयही तोच घेतलेला: केळीचा जाहीर होणारा भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव. पहिल्या प्रकरणावर मार्गदर्शकांचा शेरा आला, ‘शैली शैक्षणिक नाही.’ तिने त्याचा अर्थ लावला की आपण इथल्या नाहीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीसुद्धा माहेरी येतात. ही होस्टेलवरच थांबली. माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मॅडम, माले काहीच सुचत नही.’

तिने दोन्ही मसुदे आणले होते. पहिल्यात वाक्य होतं, ‘केळीला भाव मिळत नाही, व्यापारी शेतकऱ्याला लुटतात.’ शेऱ्यानंतर त्याच जागी आलं, ‘कदली-उत्पादकांच्या आर्थिक शोषणाचे बहुआयामी परिप्रेक्ष्य अधोरेखित होते.’ असे शब्द तिने इतरांच्या प्रबंधांतून उचलले होते, कुठे कुठे अख्खे परिच्छेद. साहजिकच प्लॅगॅरिझम रिपोर्टमधलं, म्हणजे उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातलं, साम्य मर्यादेबाहेर गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर लेखन सुधारून पुन्हा द्यावं लागतं. रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. पण दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला आणि नाव दिलं नाही, तर सॉफ्टवेअरला न सापडताही ती उचलेगिरीच.

मला तिचं पहिलं वाक्य जास्त आवडलं, आणि तसं मी तिला सांगितलं. त्यात दोष होता तो बोलीचा नव्हता. ‘कशावरून?’ या प्रश्नाला त्या वाक्यात उत्तर नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं, फक्त जड शब्दांखाली ते नसणं झाकलं गेलं होतं.

मग मी तिची वही मागितली. कोणाला विचारलंस? कोणत्या महिन्यात? जाहीर भाव म्हणजे कुठला, रावेर बाजार समितीचा की बऱ्हाणपूरचा? ती भराभर सांगू लागली. वहीत सगळं होतं: कापणीची तारीख, त्या दिवशीचा बोर्डावरचा भाव, प्रत्यक्ष मिळालेले पैसे. ते समोर ठेवून तिने वाक्य लिहिलं: ‘मुलाखत दिलेल्या २० शेतकऱ्यांपैकी १४ जणांना कापणीच्या दिवशी रावेर बाजार समितीच्या जाहीर भावापेक्षा कमी दर मिळाला.’ एकही शब्द तिच्या आईला न कळण्यासारखा नाही, आणि तरी वाक्य विद्यापीठात उभं राहतं, कारण हवं त्याला ते तपासता येतं.

‘पण मग लुटतात हे लिहायचंच नाही?’ तिने विचारलं. आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. वडिलांचं नुकसान तिने डोळ्यांनी पाहिलेलं. मी म्हटलं, चौदा जणांना कमी दर मिळाला हे तुला माहीत आहे. का मिळाला, हे अजून शोधायचं आहे. कोणी शेतकरी ‘लुटतात’ म्हणाला असेल तर त्याचं वाक्य अवतरणात घे, अहिराणीतच ठेव, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. तो त्याचा अनुभव म्हणून येईल. तुझा निष्कर्ष मात्र वीस मुलाखतींना पेलेल एवढाच. ‘खानदेशातल्या सगळ्या शेतकऱ्यांना’ असं म्हणता येणार नाही. ‘या गावांत असं दिसतं’ म्हणता येईल. आपला दावा जपून मांडणं म्हणजे घाबरणं नव्हे, हे मला मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

‘मी’ लिहायचं की ‘प्रस्तुत संशोधिकेने’, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, हे विभागागणिक बदलतं. ते मार्गदर्शकांना सरळ विचारावं, आणि ‘शैली नाही’ म्हटलं तर ‘सर, एक वाक्य दाखवता का?’ एवढंही. तिने विचारलं. सरांनी नेमकं ‘लुटतात’वरच बोट ठेवलं.

नव्या मसुद्यावर भाषेबद्दल शेरा नव्हता. समासात एक प्रश्न होता: ‘उरलेल्या सहा जणांना पूर्ण भाव कसा मिळाला?’ ती त्या सहा जणांकडे पुन्हा गेली. चौघांचा माल टिश्यू कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांचा, घडांची निगा राखून वाढवलेला आणि निर्यातीसाठी गेलेला निघाला. त्यावर तिने आता वेगळं प्रकरण घेतलं आहे.