माळरान, किल्ले आणि राजीनामा

ताई, सादर नमस्कार. मी ३६ वर्षांचा असून होटगी रस्त्यावर राहतो. गेली १२ वर्षे पुण्यातील एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मार्केटिंगचे काम करतो. आठवड्यातले तीन दिवस पुण्यात आणि उरलेले घरून. मागील वर्षी आमच्या फरसाणाच्या पाकिटातील वजन कमी करून किंमत तीच ठेवण्यात आली आणि ‘नव्या रूपात’ म्हणून त्याची जाहिरात करण्यात माझे चार महिने गेले. त्याच सुमारास राजगडावर पहाट पाहताना मनाशी ठरले की हे आता पुरे. नोकरी सोडून सोलापुरात मुलांसाठी साहसी शिबिरे घ्यावीत, सोलापूरजवळच्या नान्नजच्या ओसाड माळावर हजारभर झाडे लावावीत, असे काहीतरी अर्थपूर्ण करावेसे वाटते. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, घराचे हप्ते अजून नऊ वर्षे आहेत. पत्नी म्हणते, ‘सोडा, पण पुढचे सांगा.’ वडील ३० वर्षे यंत्रमाग कारखान्यात होते. त्यांना सांगितले तेव्हा ते काही न बोलता उठून गेले. मी पळ काढतो आहे का?
— अस्वस्थ, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि वर ते फारच आटोपशीर करून छापले आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली, तेव्हा असे दिसले की त्यातील सव्वातीन पाने कंपनीविषयी, त्या पाकिटाविषयी आणि तुमच्या वरिष्ठांच्या बैठकांविषयी आहेत. पुढे काय करायचे आहे, याला मात्र जेमतेम सहा ओळी मिळाल्या आहेत. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. आज तरी तुम्ही पळ काढत आहात. त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही, कारण गिऱ्हाइकाला कमी माल देऊन तो नवा म्हणून विकण्याचे काम ज्याच्या मनाला टोचते, त्याचे मन ठिकाणावर आहे. परंतु सव्वातीन पानांचा राग राजीनामा लिहायला पुरतो आणि त्यानंतरचे घर मात्र त्या सहा ओळींवर चालवावे लागते, म्हणून मी त्या सहा ओळींविषयीच लिहिणार आहे.

त्या ओळींत तुम्ही दोन निरनिराळ्या इच्छा एकाच पाठपिशवीत कोंबल्या आहेत. गडावरची पहाट ही तुमची स्वतःची गरज आहे. अर्थपूर्ण काम म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी गरज भागवणे. दोन्ही रास्त आहेत, पण दोन्ही एकाच नोकरीतून किंवा एकाच व्यवसायातून मिळतील असे गृहीत धरल्यामुळे तुमचा सगळा हिशेब धूसर झाला आहे.

आधी साहसाचे पाहू. राजगडावर तुम्ही पहाट पाहू शकलात, कारण त्या दिवशी तुमच्यावर कोणाची जबाबदारी नव्हती. ३० मुले घेऊन त्याच वाटेने जाल तेव्हा तुमचे डोळे पूर्वेकडे नसतील, मुलांच्या पायांकडे असतील. कोणाला दमा आहे, कोणाची आई दर तासाला फोन करते, पाणी पुरेल का, खाली उतरायला उशीर झाला तर गाडीवाला थांबेल का, याचीच गणिते तुम्ही करत राहाल. शिवाय पुढच्या रविवारची बॅच भरावी म्हणून शुक्रवारी रात्री मोबाइलवर जाहिरात कोण करील? तुम्हीच कराल. ज्या कामापासून सुटण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, ते काम शिबिरांच्या व्यवसायात निम्म्याहून अधिक वेळ खाते, हे अनेकांना तुकड्या रिकाम्या जाऊ लागल्यावर कळते.

त्यात आपले गाव सोलापूर. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे मुलांना सुट्टी असते नेमक्या त्याच काळात, येथे पारा ४० च्या पुढे असतो आणि सकाळी नऊनंतर मुलांना उघड्यावर ठेवणे धोक्याचे असते. म्हणजे उन्हाळी शिबिरे थंड प्रदेशात न्यावी लागतील, पावसाळ्यातील सह्याद्रीच्या भटकंतीसाठी नुसत्या पुण्यापर्यंतच अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागेल, आणि घराच्या अंगणातला हंगाम म्हणाल तर पाऊस ओसरल्यापासून शिमग्यापर्यंतचा. तो हंगाम मात्र खरोखर चांगला आहे. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल जवळ आहे, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात बालाघाटाचे डोंगर आहेत, करमाळ्याकडे उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना यांच्या संगमावरची जुनी देवळे आहेत. यातले काहीच सह्याद्रीसारखे छाती दडपवणारे नाही. तुम्हाला खरोखर मुलांना बाहेर न्यायचे असेल तर हे पुरेसे आहे. तुम्हाला स्वतःला कडे चढायचे असतील तर ते पुरणार नाही, आणि त्यासाठी मुलांना निमित्त करू नये.

तरीही हाच मार्ग धरायचा असेल तर आधी शिकावे लागेल. वर्षानुवर्षे गड चढलात, एवढ्याने दुसऱ्याचे मूल दोरावर टांगण्याचा अधिकार येत नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिक्षण देते. तेथील प्राथमिक अभ्यासक्रम जवळपास चार आठवड्यांचा असतो, त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तरच प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षक होण्याचा अभ्यासक्रम त्याही पुढचा आहे. या अभ्यासक्रमांना वयाची अट असते. तुम्ही ३६ वर्षांचे आहात, तेव्हा ती चौकशी या आठवड्यातच करा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षेची साधने यांचे नियम घातले आहेत, तेही नीट वाचून घ्या. नोंदणीवाचून शिबिरे भरवणारे पुष्कळ आहेत, असे तुम्हाला कोणी सांगेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

आता नान्नजकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील एका वाक्याने मला खरोखर दचकायला झाले. तेथील ओसाड माळावर हजार झाडे लावायची आहेत, असे तुम्ही म्हणता. तो माळ ओसाड नाही. गवताचा मोकळा माळ हेच तेथील जंगल आहे. काळवीट दूरवर नजर पोहोचते म्हणून तेथे सुरक्षित असते. खोकड, लांडगा, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हे सगळे त्या मोकळेपणावरच जगतात. माळढोक हा दुर्मीळ पक्षी तर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि त्याला आडोशापेक्षा चौफेर दृष्टी लागते. अशा ठिकाणी झाडांच्या रांगा उभ्या केल्या की ज्यांच्यासाठी आपण गेलो त्यांनाच आपण हुसकावून लावतो. आपल्या भागात माळाला ‘पडीक’ म्हणण्याची जुनी सवय आहे आणि तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण चांगल्या हेतूने गेलेला नवखा माणूस किती सहज नुकसान करू शकतो, याचा हा नमुना आहे.

माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच राग बसला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले, पण तोवर माळढोक नजरेस पडणे ही नशिबाची गोष्ट झाली होती. या इतिहासात मला तुमच्यासाठी एक काम दिसते आणि ते झाडे लावण्याचे नाही. गवताळ माळाची किंमत त्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला आणि शहरातल्या शाळेला पटवून देणारा माणूस तेथे हवा आहे. ऐकणाऱ्याला काय हवे ते ओळखून त्याच्याच शब्दांत त्याच्याशी बोलणे, हे तुम्ही १२ वर्षे पगार घेऊन शिकला आहात.

येथे मला आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण होते. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारला. त्यांची तुमच्याशी तुलना करण्याचा हेतू नाही. कोणाशीही ती होऊ नये. मला एवढेच दाखवायचे आहे की तेथे जाताना त्यांनी डॉक्टरकी मागे ठेवली नाही. जे येत होते तेच त्यांनी जेथे त्याची निकड होती तेथे नेले. तुम्ही मात्र कामाचा वीट आला म्हणून कसबच टाकून द्यायला निघाला आहात आणि छत्तिसाव्या वर्षी शिकाऊ उमेदवार म्हणून दुसऱ्या दोन क्षेत्रांत एकदम शिरू पाहता.

जरा आजूबाजूला पाहा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तरीही दुसरीकडे विणलेली चादर त्याच नावाने बाजारात खपते. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे. ती पिकवणाऱ्याला त्या नावाचा भाव मिळतो का, ते मंगळवेढ्याला जाऊन विचारा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटांच्या बायकांची चव अव्वल असते आणि पाकिटावरची अक्षरे वाचवत नाहीत. १०,००० शेतकरी उत्पादक कंपन्या उभारण्याची केंद्र सरकारची योजना २०२० मध्ये सुरू झाली. अशा कंपन्या कागदोपत्री उभ्या राहतात, पण माल विकणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. त्या योजनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी पहिली तीन वर्षे महिना २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. हा आकडा तुमच्या पत्नीसमोर मोठ्याने वाचून पाहा. अर्थपूर्ण कामाची किंमत काय असते, याची त्यावरून दोघांनाही कल्पना येईल.

पैशाचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात सांगते. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो, म्हणून वडिलांसह सर्वांचा स्वतंत्र विमा आजच, नोकरीत असतानाच घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितके बरे. १२ वर्षांच्या सेवेमुळे तुम्हाला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळेल, ते शिबिराच्या तंबूंत घालू नका. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. हप्ते, शाळेची फी, किराणा आणि औषधे मिळून महिन्याला किती लागतात, हे पत्नीच्या पगारातून वजा करून पाहा; जी तूट येईल तिच्या दीडपट रकमेची १८ महिन्यांची तजवीज झाल्याशिवाय राजीनाम्याची तारीख ठरवू नका. दीडपट एवढ्यासाठी की असे हिशेब मांडताना माणूस स्वतःशी फारसा प्रामाणिक नसतो, आणि हे मी घरच्या अनुभवावरून म्हणते.

तुमच्या पत्नीचे वाक्य मला तुमच्या चारही पानांपेक्षा स्वच्छ वाटले. त्यांनी तुम्हाला अडवलेले नाही, तपशील मागितला आहे. तुम्ही आठवड्यातले तीन दिवस पुण्यात असता आणि वर्षातले कित्येक शनिवार-रविवार गडावर असता. त्या दिवसांत मुलीचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे आणि स्वतःची नोकरी त्या एकट्या सांभाळतात, याचा उल्लेख तुमच्या पत्रात कोठेच नाही. शिबिरे सुरू झाली की सगळेच रविवार जातील आणि घर त्यांच्या एकट्या पगारावर येईल. तेव्हा त्यांना परवानगी विचारू नका. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि पुढील वर्षाचे रविवार दोघांत कसे वाटायचे, ते लिहून काढा.

या वर्षभरात नोकरी सोडू नका, पण तिच्यातून जे मागता येईल ते मागा. बिनपगारी रजा मिळत असेल तर प्राथमिक गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम करून या. महिन्यातला एक रविवार नान्नजला घालवा आणि झाडांची रोपे न नेता दुर्बीण न्या; बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर प्राणीगणना करतो, तिच्यासाठी स्वयंसेवक म्हणून नाव देऊन पाहा. एखाद्या बचत गटाचे किंवा उत्पादक कंपनीचे काम सहा महिने बिनपैशाने करा, पण वेळ ठरवून आणि दिलेली मुदत पाळून. ते करताना सहाव्या महिन्यातही सोमवारी सकाळी जावेसे वाटते की नाही, यावरून पुढचे कळेल. गड तुमचे तुमच्यापाशी राहू द्या. त्यांच्यावर पोट भरण्याचे ओझे कशाला?

राहिले वडील. ते रागाने उठून गेले, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु त्यांच्या पिढीने या शहरात गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली असे मानले आणि मग त्याच गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद होताना ऐकले. मागाच्या खडखडाटात ३० वर्षे काढलेल्या माणसाला मुलाची पुण्यातली नोकरी काय वाटत असेल, आणि ती मुलाला नकोशी झाली आहे हे ऐकून नेमके कशाने उठावेसे वाटले असेल, हे मी येथे बसून सांगू शकत नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नये. थंडी पडली की एका सकाळी त्यांना गाडीत बसवून नान्नजला घेऊन जा. राजीनाम्याचा विषय काढू नका. त्यांना कारखान्याविषयी विचारा. ती नोकरी त्यांना कधी सोडाविशी वाटली होती का, आणि वाटली असेल तर त्या दिवशी काय झाले होते, ते विचारा. मग ते बोलतील तितका वेळ तुम्ही ऐकत राहा.