लग्नाचे फोटो एडिट करायला लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्ड बघावं की बॅटरी?

तुम्ही लिहिलंय की लग्नं शूट करता, लाइटरूम आणि थोडं फोटोशॉप वापरता, बजेट लाखाच्या आत आहे. एकीकडे आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप, दुसरीकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला पण बॅटरी जास्त टिकणारा हलका लॅपटॉप, आणि निर्णय होत नाहीये. मी साताऱ्यात बारा वर्षं हेच काम करतोय, दोन्ही प्रकार वापरलेत. म्हणून आधी एक विचारतो: जड काम तुम्ही कुठे बसून करता?

कारण गेमिंग लॅपटॉपच्या कार्डाचा खरा जोर चार्जर लावलेला असतो तोवरच. चार्जर काढला की तेवढी वीज बॅटरीतून खेचता येत नाही, म्हणून लॅपटॉप स्वतःच कार्डाचा आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. हिशोब साधा आहे. बॅटरीवर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते ते, लिहिलेलं असतं. समजा ५७ आहेत. नुसतं फोटो बघणं, सिलेक्शन करणं ९-१० वॅटमध्ये होत असेल तर सहा तास मिळतील. लाइटरूममध्ये सतत स्लायडर हलवताना २०-२५ वॅट लागले, तर अडीच तास. आणि कार्ड जागं होऊन एकूण ६० वॅट खायला लागलं, तर तासभरसुद्धा नाही. कंपनीने छापलेले तास बहुतेक व्हिडिओ बघण्याचे असतात, एडिटिंगचे नसतात.

हे मी वाईच्या बाजूच्या एका लग्नात शिकलो. संध्याकाळच्या रिसेप्शनला सकाळच्या विधींचा स्लाइड शो दाखवायचं कबूल केलं होतं. दुपारी लाइट गेली, जनरेटर फक्त मांडवाला होता. माझा तेव्हाचा गेमिंग लॅपटॉप पन्नास मिनिटांत बंद पडला. मुलीच्या वडिलांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. तेव्हापासून बॅटरी ही माझ्यासाठी चैन नाही, दिलेल्या शब्दाचा भाग आहे.

तरीही कार्डाचा उपयोगच नाही असं नाही. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डिनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढायची सोय, जवळजवळ सगळं कार्डावर चालतं. रात्रीच्या वरातीचे, कमी उजेडातले हाय आयएसओचे फोटो असतील तर फरक डोळ्यांत भरतो. माझ्या जुन्या, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर २४ मेगापिक्सेलच्या एका रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइलला पाच-सहा मिनिटं लागायची. आता कार्ड असलेल्यावर वीसेक सेकंद. ऐंशी फोटो धरा: सात-आठ तास विरुद्ध अर्धा तास. पण हे काम मी घरी, रात्री, प्लग लावूनच करतो. मांडवात बसून कोणी डिनॉइज करत नाही. सिलेक्शन, क्रॉप, रंग, एक्स्पोजर या कामांना आजचा बरा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि वेगवान एसएसडी एवढं पुरतं. त्यातही इम्पोर्ट करताना स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती, बनवा आणि परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये मूळ फाइलऐवजी तेच वापरायला सांगा. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेलची असल्याने प्रोसेसरवरचा ताण बराच कमी होतो, बॅटरीही वाचते.

या वादात स्क्रीन विसरू नका. माझ्या मते ती दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट आहे. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये अनेकदा ‘४५ टक्के एनटीएससी’ पॅनल असतं, म्हणजे एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगमापाचे साधारण ६०-६५ टक्केच रंग. त्यावर हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल फिका दिसतो, म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि अल्बम छापून आला की नवरीचा चेहरा केशरी. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं नसेल तर तो लॅपटॉप घेऊच नका, कार्ड कितीही भारी असो.

गेमिंगवालाच घ्यायचा ठरला तर बाहेर काम करताना विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये लाइटरूमला ‘पॉवर सेव्हिंग’ लावा, स्क्रीन १४४ वरून ६० हर्ट्झवर आणा, कीबोर्डचे दिवे बंद करा. बाहेरचा मॉनिटर जोडू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये एचडीएमआयची तार थेट मोठ्या कार्डाला जोडलेली असते, त्यामुळे ते झोपतच नाही. हलका घेतलात तर तो टाइप-सीवर ६५ वॅटने चार्ज होतो का ते बघा. मग तेवढा जोर देणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक, म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर, गाडीतच ठेवता येते. गेमिंग लॅपटॉपच्या दोनशे वॅटच्या अडॅप्टरची जागा अशी पॉवर बँक घेऊ शकत नाही.

मॅकबुक एअरचाही विचार करा. त्यातली एम-मालिकेची चिप बॅटरीवरही जवळपास प्लग लावल्याइतक्याच वेगाने चालते. मात्र एअरला पंखा नाही, सलग हजार फोटो एक्स्पोर्ट केले की गरम होऊन मंदावतो. आणि रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबीपेक्षा कमी नको.

तुम्ही महिन्यात दोन-तीन वेळा जागेवर एडिट करत असाल तर माझं मत हलक्या लॅपटॉपला. सगळं घरीच करत असाल तर ४०५० घ्या, बॅटरीची काळजी सोडा. दुकानात जाताना स्वतःच्या एका वरातीच्या वीस रॉ फाइल्स पेन ड्राइव्हवर न्या, लाइटरूम चालवून मागा, आणि पहिल्या दहा प्लग लावून, उरलेल्या दहा प्लग काढून एक्स्पोर्ट करून बघा.