ब्रिटिशांना ओळखपत्राचं एवढं वावडं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. मुलगा सप्टेंबरात मँचेस्टरला शिकायला जातोय. तिथले लोक डिजिटल ओळखपत्राविरुद्ध मोर्चे काढतात हे तुम्ही बातम्यांत पाहिलंत आणि विचारलंत, 'आपण आधार खिशात घालून फिरतो, आपलं काय बिघडलं? यांनाच एवढं काय टोचतं?' दुसरा भाग, मुलाला रस्त्यात पोलिसांनी कागद मागितले तर काय करायचं. मी इथे ब्रिटनमध्ये बावीस वर्षं राहतोय, त्यातली बरीचशी नागरिक म्हणून. मतं माझी आहेत, नाही पटली तर सोडून द्या.

1950च्या डिसेंबरातली गोष्ट. उत्तर लंडनमधल्या फिंचलीत क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली आणि ओळखपत्र दाखवा म्हणून सांगितलं. हे कार्ड 1939मध्ये युद्धापायी आलं होतं. युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी ते चालूच होतं. विलकॉक म्हणाला, मी लिबरल आहे, असले प्रकार मला मान्य नाहीत, दाखवणार नाही. दोन दिवसांत ठाण्यावर आणून दाखव म्हटलं, तर तिकडेही फिरकला नाही. खटला झाला आणि अपिलातही तो हरला. लोक त्याला हिरो करताना हे हरणं सांगायचं विसरतात. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी त्याच निकालात पोलिसांचे कान उपटले. युद्धासाठी केलेला कायदा असा ऊठसूट वापरलात तर कायदा पाळणारी माणसंच कायदा मोडायला लागतील, असा त्यांचा रोख होता. फेब्रुवारी 1952मध्ये कार्ड रद्द झालं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक आकडा. आणताना कार्डाची कामं तीन होती. दहा-अकरा वर्षांत ती 39 झाली. हे तुम्हाला ओळखीचं वाटायला हरकत नाही. आधार आलं ते अनुदान नीट पोचावं म्हणून, आणि पुढे सिम कार्डाच्या टपरीवर अंगठा टेकवायची वेळ आली. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद रद्द केली, तेव्हा कुठे थोडा लगाम बसला. म्हणजे 'आपलं काय बिघडलं' याचं उत्तर आपल्याच न्यायालयाने थोडंफार दिलेलं आहे.

इथे लिखित राज्यघटना नाही. जे कायद्याने मना नाही ते करायला तुम्ही मोकळे, ही जुनी समजूत. ऐकायला छान वाटते, पण तिचा दुसरा अर्थ असा की संसदेत बहुमत असलं की मोकळीक कापत जाता येते, आणि अडवायला घटनेचं कलम नसतं. 1998चा मानवी हक्क कायदा आहे, पण त्याच्याशी न जुळणारा संसदेचा कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही, विसंगत आहे एवढंच जाहीर करू शकतं. म्हणून इथला माणूस कार्डाच्या पहिल्या पायरीलाच अडून बसतो. पुढे अडवायला काही हाताशी नाही हे त्याला ठाऊक असतं.

ब्लेअर सरकारने 2006मध्ये पुन्हा कायदा केला. 30 पौंडांचं कार्ड आणि मागे सगळ्यांच्या नोंदींचं एक मोठं रजिस्टर. जेमतेम 15,000 लोकांनी कार्ड घेतलं असेल. 2010मध्ये सरकार बदललं आणि कायदा रद्द झाला. पुढच्या फेब्रुवारीत रजिस्टरच्या हार्ड डिस्क यंत्रात घालून त्यांचा चुरा केला, मंत्रिमहोदय स्वतः हजर. कार्ड घेणाऱ्यांना 30 पौंड मात्र परत मिळाले नाहीत.

तो चुरा टीव्हीवर पाहताना आमच्या घरी काय बोलणं झालं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं. मी म्हटलं, बघ, या लोकांना स्वातंत्र्याची किती चाड आहे. बायको भाजी निवडत होती. तिने उठून पर्समधून आपलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. 2009मध्ये व्हिसा वाढवताना दहाही बोटांचे ठसे आणि फोटो देऊन घेतलेलं. 'मग हे काय आहे?' म्हणाली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुरा झाला तो नागरिकांच्या नोंदींचा. परदेशी लोकांची बायोमेट्रिक कार्डं 2008पासून निघत होती ती तशीच चालू राहिली. 2024 संपताना ती बाद झाली आणि ई-व्हिसा आला. नोकरीला लागताना किंवा भाड्याने घर घेताना समोरच्याला आपला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून नऊ अक्षरांचा शेअर कोड काढून द्यायचा. म्हणजे आज गोरी मंडळी ज्याच्याविरुद्ध फलक घेऊन उभी आहेत, त्यात आम्ही पंधराएक वर्षं राहतोय आणि तेव्हा कुणाचं दुखलं नाही. माझी भाची गेल्या वर्षी घर शोधत होती. एजंट म्हणाला, कोड नको, कार्ड दाखव. कार्ड आता कुणाकडेच नसतं हे ती त्याला फोनवर समजावत बसली आणि दुपारपर्यंत खोली दुसऱ्याला गेली.

पुण्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. कुणालाही बेकायदा कोंडून ठेवता येऊ नये म्हणून केलेला हेबियस कॉर्पसचा कायदा 1679चा, इंग्रजांच्या अभिमानाचा विषय. 1897मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्यात नातू बंधूंना त्याच इंग्रजांनी खटला न चालवता स्थानबद्ध केलं, ते 1827च्या एका रेग्युलेशनखाली. टिळक ज्या राजद्रोहापायी मंडालेला गेले तो गुन्हा इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातून 2009मध्ये काढून टाकला, आपण तो पुढे कितीतरी वर्षं सांभाळला. स्वातंत्र्य आहे, पण कुणाचं, हे इथे आधी विचारावं लागतं.

आता गंमत बघा. ज्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने ओळखपत्राचा चुरा केला त्याच पक्षाने 2022च्या कायद्याने मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं केलं. मे 2023च्या स्थानिक निवडणुकीत मी आमच्या शहरात पोल क्लार्क, म्हणजे मतदान केंद्रावरचा कारकून म्हणून बसलो होतो. चर्चचा हॉल, सकाळी सात ते रात्री दहा, पेन्सिली दोरीला बांधलेल्या. दुपारी एक मुलगा आला. इथेच जन्मलेला, पलीकडच्या रस्त्यावर राहणारा, यादीत नाव. त्याने रेल्वे सवलतीचं रेलकार्ड पुढे केलं, फोटोसकट. चालत नाही. त्याच्या मागे काठी टेकत आलेल्या आजींचा ज्येष्ठांचा बस पास, तोही फोटोचा. चालतो. मुलगा एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या पासाकडे बघत राहिला. मी नकाराचा फॉर्म भरला. तो परत आला नाही. तासाभराने नागपूरकडची एक विद्यार्थिनी भारतीय पासपोर्ट घेऊन आली, पाच सेकंदांत मतपत्रिका मिळाली. राष्ट्रकुलाच्या नागरिकांना इथे मत आहे. मला आनंद झाला, पण डोळ्यांपुढून तो पोरगा जाईना.

त्या निवडणुकीत कमीत कमी 14,000 जण असे मतदान न करता परतले, हा निवडणूक आयोगाचा आकडा. पुढच्या वर्षी बोरिस जॉन्सन स्वतःच्याच सरकारचा नियम विसरून ओळखपत्राशिवाय केंद्रावर गेले आणि नंतर ते घेऊन परत यावं लागलं. आम्ही क्लार्क मंडळी आठवडाभर हसत होतो.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो मी टाळत नाही. 2018मध्ये विंडरश प्रकरण उघडकीला आलं. कॅरिबियनमधून लहानपणी आलेली, कायदेशीरपणे इथे राहणारी माणसं कागद दाखवू शकली नाहीत म्हणून नोकरीतून, घरातून, 83 जण तर देशातूनही काढली गेली. कार्ड असतं तर ती वाचली असती असं समर्थक म्हणतात. असेलही. पण त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं सरकारी खात्यानेच 2010मध्ये नष्ट केली होती. ज्याने पुरावा फेकला त्याच्याच हाती नवा पुरावा सोपवायला माझं मन धजत नाही.

सप्टेंबर 2025मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी नोकरीसाठी डिजिटल ओळखपत्र सक्तीचं करायचं जाहीर केलं. विरोधाच्या अर्जावर पंचवीस लाखांहून जास्त सह्या झाल्या, एक माझीही. ऑक्टोबरात ते मुंबईत येऊन नंदन निलेकणींना भेटले आणि आधारचं कौतुक करून गेले. जानेवारीत सक्ती मागे घेतली. मी सही केली ती सक्तीच्या विरोधात, पण मोर्चाला गेलो नाही. पंधरा वर्षं आमच्या पर्समधलं कार्ड ज्यांना दिसलं नाही त्यांच्याबरोबर चालायला पाय उचलला नाही. हा हट्ट आहे, कबूल.

आता मुलाचं. इथे चालत्या माणसाने पोलिसाला ओळखपत्र दाखवायची साधारणपणे सक्ती नाही. गाडी चालवत असेल तर नाव-पत्ता द्यावाच लागतो. लायसन्स जवळ नसलं तर सात दिवसांत ठाण्यावर दाखवायला सांगतात. विमानतळाची गोष्ट वेगळी. 2000च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली तिथे संशय नसतानाही सहा तासांपर्यंत चौकशी करता येते आणि फोनचा पासवर्डही द्यावा लागतो. आंदोलनात जायचं तर फलकावर काय लिहिलंय ते आधी वाचायला सांगा. पॅलेस्टाइन अ‍ॅक्शन या पॅलेस्टाइनसाठी आंदोलन करणाऱ्या गटावर जुलै 2025मध्ये बंदी आली, आणि त्या गटाला पाठिंब्याचा फलक धरला म्हणून 9 ऑगस्टला लंडनमध्ये एका दिवसात पाचशेच्या वर माणसं धरली, त्यातली जवळजवळ निम्मी साठीच्या पुढची. बंदीचा वाद पुढे न्यायालयात गेला, पण व्हिसावर असलेल्या पोराने त्याची वाट बघत फलक धरू नये.

आणि आल्या आल्या मतदार यादीत नाव घालायला सांगा, फुकट आहे. मतदानाला जाताना पासपोर्ट न्यायचा. रेलकार्ड चालत नाही.