ईस्टर आपला कसा?

प्रिय सोनू,

परवा गाडीत तू विचारलंस, "बाबा, ईस्टर तर इथल्या लोकांचा सण आहे. मराठी मंडळात आपले सण म्हणजे गणपती आणि दिवाळी. मग तुम्ही सारखं 'आपला ईस्टर' का म्हणता?" तेव्हा मी नुसतं "घरी गेल्यावर बोलू" म्हणालो. खरं म्हणजे मला ते लागलं. तुझा काही दोष नाही. हाच प्रश्न नगरला शाळेत मला विचारायचे, फक्त उलट बाजूने: "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसे?" तिथे सण गोऱ्यांचा म्हणून परका, आणि आता मेलबर्नमध्ये माझीच मुलगी म्हणते तो इथल्यांचा.

मला जो ईस्टर माहीत आहे तो उन्हातला. इथे तो पानगळीत येतो, थंडी पडायला लागते, लोक तंबू घेऊन चार दिवस बाहेर जातात. छानच आहे ते. पण माझ्या डोक्यात गुड फ्रायडे म्हटलं की नगरचं एप्रिलमधलं ऊन. सकाळपासून पोटात काही नाही. आक्का पांढरं लुगडं नेसून पुढे, आम्ही मागे, चपलांखाली रस्ता तापलेला. बारा ते तीन देवळात बसायचं. (हो, घरात आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, तू आजीच्या तोंडून ऐकलंयस.) प्रभू येशू क्रुसावर असताना जी सात वाक्यं बोलला, त्या एकेका उद्गारावर एकेक जण बोलायचा आणि मध्ये गीतं व्हायची.

पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे", बहुतेक वेळा दादाआजोबांकडे असायचा. ते काही पाळक नव्हते, प्राथमिक शाळेतले मास्तर. ते १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायचे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, दुपारी वाटलेली सुकडी, कोरड्या विहिरीत उतरलेली माणसं. मग एकदम थांबायचे आणि पुढचं बोलायचेच नाहीत. माझा घसा तेव्हा खरोखर सुकलेला असायचा. क्रुसावरचा तो माणूस आमच्याच तालुक्यातला आहे असं मला वाटायचं. त्यानंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण मला जे कळलं ते त्या दुपारी कळलं.

लहान मुलांनी उपाशी राहावं का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. आक्का स्वतः पाण्याचा थेंब घ्यायची नाही, पण बाळूमामा लहान असताना त्याला गुपचूप ताक पाजून आणायची. तुला उपाशी ठेवायची माझी इच्छा नाही. तीन तास बसवायचीही नाही.

आणि ती गीतं. मिशनरी नगरला आले १८३१ साली, हे खरं. पण आम्ही जे गायचो त्यातलं कितीतरी नारायण वामन टिळकांचं. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि अभंग, भजनं लिहीत गेले. पेटी, तबला, टाळ. मोठी मावशी डोळे मिटून गायला लागली की शेजारच्या वारकरी काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. त्यांना त्यात काही परकं वाटलं नाही, मग मला का वाटावं?

ईस्टर कधी, ते आक्का आकाशात बघून सांगायची. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे बहुतेक वर्षी हनुमान जयंती झाली की लगेच ईस्टर, आणि कधी होळीनंतरच, जसा २०२४ साली आला. त्या रविवारी पहाटे अंधारात आम्ही कबरस्तानात जायचो. आदल्या दिवशी कबरी झाडून, धुऊन ठेवलेल्या. त्यांच्यावर मोगरा, झेंडू, मेणबत्त्या. पाळक म्हणायचे, "प्रभू उठला आहे", आणि सगळे मिळून, "खरोखर उठला आहे!" मी हे पणजीच्या कबरीपाशी उभा राहून ओरडायचो, आणि ती ऐकत असणार याची मला खात्री होती. आज तेवढी खात्री आहे का? काही वर्षी असते. पण ते वाक्य मला मराठीशिवाय म्हणता येत नाही, इथल्या चर्चमध्ये सगळ्यांबरोबर इंग्रजीत म्हणतो तेव्हाही आत मराठीच चालू असतं.

मग घरी मटण, भाकरी, आणि काकूंकडे पहिलं ताट. पाडव्याला त्यांच्याकडून पुरणपोळी आलेली असायची.

तुझ्या चॉकलेटच्या अंड्यांवर माझा काही राग नाही. तू त्यांच्यातच वाढलीस, ती तुझीच आहेत. मला एवढंच हवंय की मंडळात कुणी पुन्हा विचारलं तर तुला दादाआजोबांचा पाचवा उद्गार माहीत असावा. पुढे काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

शुक्रवारी संध्याकाळी, तिकडची उपासना संपली की, मी आजीला फोन लावणार आहे. यंदा पाचव्या उद्गारावर कोण बोललं ते विचारायचंय. तुला बोलावंसं वाटलं तर ये. मैत्रिणींकडे जायचं ठरलं असेल तर खुशाल जा, मी आजीला तसं सांगेन. रविवारी मटण मात्र मीच करणार, आणि तिखट कमी घालणार नाही.

तुझा
बाबा