मॅडम, लांबचा डॉक्टर सांगा

कोल्हापुरात मी समुपदेशक आहे आणि मनाच्या आजारासाठी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा आजाराविषयी नसतो. काय झाले आहे, बरे होईल का, औषधे किती दिवस घ्यावी लागतील, हे सारे नंतर येते. आधी आवाज खाली येतो, दाराकडे एकदा पाहिले जाते आणि मग वाक्य येते, "मॅडम, कोल्हापुरात नको, लांबचा एखादा चांगला डॉक्टर सांगा." गेल्या महिन्यात हे वाक्य मी चार वेळा ऐकले, म्हणून काही काळापूर्वीच्या एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, येथे लिहिते आहे.

एका जुन्या पेठेत राहणारे हे कुटुंब. थोरला भाऊ, त्याची पत्नी, वृद्ध आई, लग्नाची बहीण आणि सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ, जो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत कामाला होता आणि संध्याकाळी पेठेतल्या तालमीत जात असे. वर्षभरापूर्वी त्याची झोप उडाली. कामावरची माणसे आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटू लागले, पुढे तालीम सुटली, काम सुटले आणि रात्री तो खोलीत कुणाशी तरी बोलू लागला. आधी एका देवऋष्याकडे तीन अमावास्या गेल्या. नंतर थोरल्याने त्याला पुण्याला नेले. तेथील डॉक्टरांनी निदान योग्य केले होते आणि औषधांचा गुणही आला होता. परंतु दर महिन्याला सुमारे २३० किलोमीटर जायचे, तेवढेच परत यायचे, दोघांचे खाडे, गाडीभाडे आणि शेजाऱ्यांना दर वेळी नवे कारण, हे चार फेऱ्यांपुरतेच जमले. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या गेल्या नाहीत आणि दीड महिन्यात सगळे पूर्वपदावर, खरे तर पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेला, येऊन ठेपले.

थोरला भाऊ आणि त्याची पत्नी माझ्याकडे आले ते मुंबईतल्या डॉक्टरांचे नाव विचारायला.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगितली पाहिजे. मी त्यांना एक कागद लिहून दिला. त्यावर इथल्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग होता, राष्ट्रीय दूरध्वनी सेवा होती, पुण्या-ठाण्याच्या दोन संस्था होत्या. संशय आणि भास यांवर केवळ बोलून उपचार होत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषधे देणारा वैद्यकीय डॉक्टरच, हवा आणि माझ्यासारख्या समुपदेशकाचे काम त्याच्या सोबतीने चालते, हेही मी स्वच्छ सांगितले. आपण भरपूर दिले अशा समाधानात मी त्यांना निरोप दिला. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा कागद घडी न मोडता तसाच होता. त्यावरचा एकही क्रमांक फिरवला गेला नव्हता. मदतीचे पत्ते देणे आणि मदत मिळवून देणे यांत केवढे अंतर असते, हे एवढ्या वर्षांनंतरही मला त्या घडीने शिकवले.

त्या दिवशी मी पत्ते बाजूला ठेवले आणि थोरल्याला कोरा कागद दिला. "धाकट्याच्या आजाराचं कुणाकुणाला कळू नये असं तुम्हाला वाटतं, त्यांची नावं लिहा," असे सांगितले. त्याने बराच वेळ लावून नऊ नावे लिहिली. फौंड्रीतला सुपरवायझर, शेजारचे काका, तालमीचे वस्ताद, तालमीतली तीन पोरे, मामा, चौकातला किराणा दुकानदार आणि शेवटी बहिणीसाठी ज्यांच्याकडून स्थळ आले होते ते घर.

"आता यांतल्या कुणाला आधीच ठाऊक आहे, त्यांची नावं खोडा."

"कुणालाच ठाऊक नाही, मॅडम," तो म्हणाला.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली त्याची पत्नी बोलली. "अहो, शेजारच्या काकांना कसं ठाऊक नाही? भावजी रात्री ओरडतात ते भिंतीपलीकडं जातंय की. आणि सुपरवायझरनंच तुम्हाला फोन करून सांगितलं न्हवं, पोराला दाखवा म्हणून?"

त्याने दोन नावे खोडली. मग स्वतःच थांबून म्हणाला, "वस्ताद दोनदा घरी येऊन गेले. मी दारातनंच सांगितलं, पुण्याला कामाला गेलाय." वस्तादांनी त्याच आठवड्यात धाकट्याला गच्चीवर उभे राहिलेले पाहिले होते. तेही नाव गेले. ज्यांना ही गोष्ट घरोघरी सांगण्यात रस होता त्या मामांनीच देवऋष्याचा पत्ता दिला होता. त्यामुळे मामांचे, तालमीतल्या पोरांचे आणि दुकानदाराचे नावही गेले. नऊ नावांतून एकच नाव उरले, ते स्थळाकडच्या घराचे.

त्या कागदाकडे तो किती तरी वेळ पाहत राहिला. मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाला बोलण्यापेक्षा न बोलण्याचे शिक्षण जास्त लागते, आणि ते मला उशिरा आले. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे आम्ही एका घरापायी पुण्याला जात होतो."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि महाराष्ट्राला कि. मो. फडके यांनी ओळख करून दिलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीत मी घडले आहे. त्यामुळे माणसाच्या दुःखाच्या मुळाशी मी नेहमी एखादा हट्ट शोधते. 'लोकांना कळू नये' ही इच्छा झाली, आणि ती रास्त आहे. 'लोकांना कळताच कामा नये' हा हट्ट झाला, आणि त्याची किंमत धाकटा आपल्या चुकलेल्या गोळ्यांनी मोजत होता. ते एक उरलेले नाव मात्र मी हसण्यावारी नेले नाही. मुलीच्या लग्नाची काळजी आपल्या समाजात खरी आहे आणि ती नाकारणारा सल्ला कुटुंबाला उपयोगी पडत नाही. त्या घराला केव्हा आणि किती सांगायचे हे कुटुंबाने ठरवायचे होते, मात्र ते ठरेपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नव्हते.

लांब जाण्याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. मोठ्या शहरातला डॉक्टर एकदा मत घेण्यासाठी उत्तम असतो. परंतु मनाच्या दीर्घ आजारात डॉक्टरच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर महिन्याची भेट, आणि ती जवळच्याच ठिकाणी टिकते. कायद्यानेही हेच मानले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात सरकारी मानसिक आरोग्य सेवा असली पाहिजे आणि उपचारांसाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, असे म्हटले आहे. त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा संरक्षण देण्यास विमा कंपन्यांना बांधले आहे. जुन्या पॉलिसीच्या कागदांत अडकलेल्या कुटुंबांना मी हे मुद्दाम सांगते.

सीपीआरचे, म्हणजे इथल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचे, नाव काढताच थोरला भाऊ म्हणाला, "तिथं सगळे ओळखीचे भेटतात." मी त्याला विचारले, खासगी मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली तुम्ही थांबलात तर पाहणाऱ्याला एकच अर्थ लागतो, पण सीपीआरसारख्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला साखर आहे, मोडलेला हात दाखवायचा आहे की कुणाला भेटायचे आहे, हे कोण सांगणार? त्या गर्दीत माणूस जितका झाकला जातो तितका पुण्याच्या बसमध्येही झाकला जात नाही. शिवाय ते वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय असल्याने मानसोपचाराबरोबर इतर तपासण्याही त्याच आवारात होतात. तो पहिल्यांदा हसला. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना मी आणखी एक सांगते, की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाविषयी आपल्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि सेवा गावाजवळ नेणे हाच त्याचा हेतू आहे.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. दवाखाने सकाळी उघडतात आणि भीती मध्यरात्री येते. म्हणून त्या दिवशी मी नंबर लिहून दिला नाही, तर माझ्यासमोर वहिनींच्याच फोनवरून १४४१६ लावायला सांगितला. ही टेली मानस सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते, आणि बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या मध्यवर्ती समन्वयाचे काम पाहते. पलीकडून मराठीत नमस्कार ऐकू आला तेव्हा वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू आपल्याच गल्लीतले कुणी बोलते आहे. असा पहिला फोन संकटाच्या वेळी करू नये, तो शांत दुपारी करून ठेवावा, हा माझा आता नेमच झाला आहे.

त्याचा उपयोग तीन आठवड्यांनी झाला. सीपीआरमध्ये उपचार सुरू झाले होते, पण औषधांचा गुण अजून पुरता आला नव्हता. एका रात्री अडीच वाजता धाकटा म्हणाला, "वहिनी, मला आता जगणं नको झालंय." त्यांनी गोंधळ केला नाही. त्याच्याजवळ बसून त्यांनी तोच क्रमांक लावला, फोनवरच्या व्यक्तीने सांगितले तसे त्याला एकटे सोडले नाही, घरातल्या धोक्याच्या वस्तू नजरेआड केल्या आणि थोरल्याने त्याच रात्री त्याला अपघात विभागात नेले. जीव धोक्यात असेल तेव्हा वेळ पाहायची नसते. ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा आणि समुपदेशकाची वेळ मिळण्याची वाट पाहत बसू नये. मला हे सकाळी कळले, आणि मला न विचारता त्यांनी हे केले याचाच मला अधिक आनंद झाला.

लांबच्या संस्थांचा उपयोग वेगळ्या कामासाठी झाला. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था यांच्या कामातून रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची रीत मराठीत रुजली आहे. वहिनींनी आयपीएचची मराठीतील चित्रफीत घरी पाहिली आणि पुढच्या भेटीत मला म्हणाल्या, "मी शुभंकर आहे म्हणे." इतके दिवस घरात त्यांच्या कष्टांना नावच नव्हते. औषधे जवळून आणावीत आणि शब्द लागले तर लांबून आणावेत, अशी माझी त्या दिवसापासूनची समजूत आहे.

वस्तादांना सांगायचे की नाही यावर थोरला महिनाभर अडला होता. शेवटी तो स्वतःच तालमीत गेला. वस्तादांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तपासणीचा वार कुठला?" तेव्हापासून थोरल्याला खाडा करता येत नाही त्या वेळी वस्ताद आपल्या मोटारसायकलवरून धाकट्याला सीपीआरला नेतात. तो अजून आखाड्यात उतरत नाही, पण सकाळी मातीला पाणी मारायला जातो. बहिणीचे ते स्थळ मोडले, ते दुसऱ्याच कारणाने, आणि त्याविषयी घरात वाईटही वाटले.

मागच्या पंधरवड्यात वस्तादांचा मला फोन आला. "मॅडम, आमच्या तालमीतलं अजून एक पोरगं रात्र-रात्र जागं असतंय. कुठं न्यायचं ते मला ठाऊक झालंय. त्याची आई म्हणते, लांब कुठंतरी नेऊया. तेवढं तिच्याशी एकदा बोलता का?"