घरातले तीन थर्मामीटर तीन वेगळे आकडे दाखवतात, ताप नेमका किती समजायचा?

ताई, तुम्ही भुसावळच्या. सहा वर्षांच्या मुलाला तीन दिवसांपासून ताप येतोय-जातोय. काल दुपारी काचेच्या जुन्या थर्मामीटरने 101.8 दाखवला, काखेत लावलेल्या डिजिटलने 100.1 आणि कपाळासमोर धरायच्या गनने 98.2. यातला खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी भरवसा ठेवीन तो काखेतल्या डिजिटलवर. बाकीचे दोन बिघडलेलेच असतील असं मात्र नाही. भुसावळची मे महिन्यातली दुपार त्या दोघांना चकवते.

अमळनेरला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. "थर्मामीटर खराब निघाला, बदलून द्या" म्हणत लोक येतात ते सगळ्यात जास्त एप्रिल-मेमध्ये. तपासून पाहिला तर बहुतेक वेळा थर्मामीटर चांगलाच असतो. चांगला डिजिटल 0.2 अंश फॅरेनहाइटच्या आत बरोबर आकडा देतो. पण त्याची एक सवय आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. सुरू केल्यापासून टोकाला लागलेलं सर्वांत जास्त तापमान तो धरून ठेवतो, खाली येत नाही. पुण्या-नाशिकच्या घरात याने काही बिघडत नाही. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी 41 अंश सेल्सिअस असतं. फॅरेनहाइटमध्ये ते 105.8 होतात. म्हणजे कपाटावर पडलेला थर्मामीटर सुरू केला की मुलाच्या अंगाला लागण्याआधीच तो खोलीचा ताप धरून बसतो, आणि घरात रडारड सुरू होते.

उपाय सोपा आहे. बटण दाबण्याआधी थर्मामीटरचं टोक माठातल्या पाण्यात दहा सेकंद बुडवा, कोरडं पुसा, मग सुरू करा आणि लगेच लावा. खोली 35 अंश सेल्सिअसच्या वर गेली असेल तर हे दरवेळी करायचं. थर्मामीटर खिडकीत, गाडीच्या डिकीत किंवा फ्रिजवर ठेवू नका.

काचेच्या थर्मामीटरचं दुखणं याहून अवघड. त्यातला पारा नळीच्या अरुंद गळ्यामुळे आपोआप खाली उतरत नाही, म्हणून आपण झटकतो. पण खोलीच अंगापेक्षा गरम असेल तर झटकलेला पारा डोळ्यांदेखत परत चढतो, आणि तोंडातून काढून उजेडात वाचेपर्यंत आणखी चढतो. तुमचा 101.8 बहुधा असाच आला असावा. त्याची पट्टी 108 फॅरेनहाइटला संपते, म्हणजे जवळपास 42 सेल्सिअसला. आपल्या उन्हाळ्यात तो नुसता ठेवल्या जागीही फुटू शकतो. माझा सल्ला, तो आता वापरू नका. कधी फुटलाच तर झाडूने लोटू नका, पारा बारीक होऊन पसरतो. पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा, उरलेले कण चिकटपट्टीने उचला.

गनबद्दल. ती कातडीतून निघणारी उष्णता वाचते. कपाळावर घाम असेल तर घाम उडताना कातडी थंड होते आणि आकडा कमी येतो. कूलरच्या झोतात झोपलेल्या मुलाचंही तसंच. उलट, उन्हातून आत्ताच आलेल्या धडधाकट पोराला ती ताप दाखवते. शिवाय बहुतेक गनच्या माहितीपत्रकात ती साधारण 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीतच वापरा असं छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. रात्री झोपलेल्या बाळाला न उठवता अंदाज घ्यायला गन बरी. औषध द्यायचं की नाही हे तिच्यावर ठरवू नका.

हे मी इतक्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी वडील केळीच्या बागेतून दुपारी आले, "आंग तपी ऱ्हायनं" म्हणाले. त्यांनी नुकतंच तांब्याभर गार पाणी पिलं होतं. मी थर्मामीटर लगेच जिभेखाली ठेवला, 98 आला, आणि मी त्यांना नुसतं झोपा म्हणालो. संध्याकाळी 103.4 होता. औषधांच्या दुकानात उभा राहणारा माणूस मी, मलाही ते पाणी आठवलं नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकाला थर्मामीटर देताना मी हे सांगतोच: चहा, गार पाणी, जेवण, काहीही झालं की अर्धा तास थांबा, मग तोंडात लावा.

काखेत मोजताना आधी घाम पुसा. टोक काखेच्या मधोमध, कातडीला टेकलेलं हवं. सदऱ्याची बाही मध्ये आली की आकडा गेला. हात छातीशी घट्ट धरा. पीप वाजलं की लगेच काढू नका. तापमान चढायचा वेग मंदावला की तो वाजतो, आणि काखेत तसं लवकर होतं. चार-पाच मिनिटं राहू द्या. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, तोंड मिटून स्वस्थ बसत असेल तर जिभेखाली मधोमध न लावता बाजूच्या खाचेत लावा. तिथला आकडा जास्त भरवशाचा. काखेतला आकडा तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो. पण मनाने अंश मिळवून सांगू नका. "काखेत 100.1, दुपारी तीनला" असंच डॉक्टरांना सांगा, हिशोब ते करतील.

98.6 ला देवाची रेघ समजू नका. तो आकडा वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरने 1868 मध्ये रूढ केला. निरोगी माणसाचं तापमान पहाटे कमी आणि दुपारनंतर अंशभर जास्त असतं. 100.4 म्हणजे 38 सेल्सिअस, तिथून ताप म्हणतात. तुमचा डिजिटल चुकून सेल्सिअसवर गेला आणि 39 दिसला तर तो 102.2 असतो. "एकोणचाळीसच आहे" म्हणून स्वस्थ बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या डिजिटलवर शंका असेल तर शेजाऱ्यांचा एक आणा. भांड्यात कोमट पाणी घ्या, दोघांची टोकं शेजारी-शेजारी सारख्याच खोलीवर बुडवा. दोन-तीन दशांशांचा फरक चालतो. एक अंशाचा आला तर आधी बटणसेल बदला, पुन्हा पाहा.

घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि 100.4 दिसला तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. आणि आपल्याकडचं आणखी एक: उन्हात राहिलेल्या माणसाचा आकडा 104 च्या वर, तो असंबद्ध बोलतोय किंवा गुंगीत आहे, तर तो साधा ताप नाही, उष्माघात आहे. त्यात पॅरासिटामॉल काम करत नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

तुमच्या मुलाला तीन दिवस झालेत, तेव्हा आकडा कोणताही निघो, उद्या डॉक्टरांना दाखवा. आज रात्रीपासून एकाच थर्मामीटरने, एकाच जागी मोजा आणि वहीत वेळ, जागा, आकडा आणि औषध किती वाजता दिलं ते लिहा. ती वही सोबत न्या.